युवा टर्की शिकार (अमेरिका)

युवा टर्की शिकार ही अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील एक शासनमान्य प्रथा आहे. तीत वसंत ऋतूमध्ये अल्पवयीन मुलामुलींना अनुभवी प्रौढाच्या देखरेखीखाली रानटर्की या पक्ष्याच्या नराची शिकार करता येते. अनेक राज्यांत त्यासाठी नेहमीचा हंगाम सुरू होण्याच्या आधीचा शनिवार-रविवार राखून ठेवलेला असतो. त्यास 'युवा सप्ताहान्त' किंवा 'युवा हंगाम' असे म्हणतात. वयाची अट, परवाना, शिकारीची वेळ आणि पक्ष्यांची मर्यादा राज्यागणिक भिन्न असते, कारण अमेरिकेत अशा स्थानिक वन्यजीवांचे व्यवस्थापन हा मुख्यतः राज्यांचा विषय आहे.

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये वन्य पशुपक्ष्यांच्या शिकारीस सर्वसाधारणपणे बंदी आहे. त्यामुळे शासनानेच मुलांसाठी शिकारीचे दिवस राखून ठेवावेत, ही गोष्ट मराठी वाचकास चमत्कारिक वाटणे स्वाभाविक आहे. ती समजण्यासाठी हा पक्षी, त्याचा ऋतू आणि त्याच्या पुनर्वसनाचा इतिहास या तिन्हींची माहिती आवश्यक ठरते.

रानटर्की

रानटर्की (मेलीग्रिस गॅलोपाव्हो) हा मूळचा उत्तर अमेरिकेतील, जमिनीवर चरणारा मोठा पक्षी असून मोर, तितर आणि कोंबडी यांच्याच कुळातील आहे. पूर्ण वाढलेल्या नराचे वजन साधारणतः ७ ते ११ किलो भरते. मादी त्याच्या निम्म्याच्या आसपास असते. नराच्या छातीवर केसांसारख्या राठ पिसांचा झुबका लोंबत असतो. यास 'दाढी' म्हणतात आणि कायद्याच्या दृष्टीने हीच नराची ओळख मानली जाते. एका वर्षाच्या तरुण नरास 'जेक', तर प्रौढ नरास 'टॉम' किंवा त्याच्या खळखळत्या आवाजावरून 'गॉब्लर' म्हणतात. हा पक्षी दिवसभर जमिनीवर वावरतो, पण रात्र उंच झाडांवर काढतो. त्याची दृष्टी अत्यंत तीक्ष्ण असते, त्याला रंग कळतात आणि डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंस असल्याने मान किंचित वळवताच त्याला चहूकडचे दिसते. मात्र वास घेण्याची शक्ती बेताचीच असते. परिणामी वाऱ्याची दिशा पाहणे, जे हरणाच्या शिकारीत अपरिहार्य असते, ते येथे फारसे महत्त्वाचे नसते. येथे सारे काही निश्चल बसण्यावर अवलंबून असते.

'टर्की' या नावाचा तुर्कस्तानाशी या पक्ष्याच्या मूळ स्थानाच्या दृष्टीने काहीही संबंध नाही. मेक्सिकोत माणसाळवलेली टर्की स्पॅनिश लोकांनी सोळाव्या शतकात युरोपात नेली. पोर्तुगीज भाषेत तिला 'पेरू' असे म्हणतात, हे मराठी वाचकास मौजेचे वाटेल. हा पक्षी मोगल दरबारात पोहोचला तो गोव्यामार्गे. १६१२ मध्ये मुकर्रबखानाने गोव्याहून जे दुर्मीळ प्राणी जहांगीर बादशहाकडे आणले, त्यांत टर्कीचा नर होता. दरबारी चित्रकार उस्ताद मन्सूर याने काढलेले त्याचे चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट संग्रहालयात आहे. जहांगीराने आपल्या आत्मवृत्तात या पक्ष्याचे डोके माजावर आले असता सरड्याप्रमाणे रंग पालटते, कधी लाल, कधी पांढरे तर कधी निळसर दिसते, असे नोंदवले आहे. हे निरीक्षण अचूक आहे. लाल, पांढरा आणि निळा हे तीन रंग या लेखात सुरक्षिततेच्या संदर्भात पुन्हा येतील.

वसंतातच शिकार का?

मार्च ते मे हा टर्कीच्या विणीचा काळ. पहाटे रातथाऱ्यावरूनच नर साद घालू लागतो. जमिनीवर उतरल्यावर मोरासारखा पिसारा फुलवून, पंख जमिनीला घासत मिरवतो. एक नर अनेक माद्यांशी मीलन करतो आणि त्यानंतर त्याचे काम संपते. मादी जमिनीवरच्या उथळ घरट्यात साधारणतः १० ते १२ अंडी घालून ती सुमारे २८ दिवस एकटीच उबवते. पिलांचे संगोपनही तीच करते. मीलनाचा भर ओसरल्यावर काही नर मारले गेले तरी पुढच्या पिढीच्या संख्येवर विशेष परिणाम होत नाही, या गृहीतकावर वसंत हंगामाची उभारणी झालेली आहे. या हंगामात केवळ दाढी असलेला पक्षीच मारता येतो. घरट्यावरील माद्यांना त्रास होऊ नये म्हणून काही राज्यांत दुपारनंतर शिकार बंद ठेवतात. न्यूयॉर्क राज्यात ती सूर्योदयापूर्वी अर्धा तास सुरू होऊन मध्यान्ही संपते.

शिकारीची पद्धतही याच निसर्गक्रमावर आधारलेली आहे, फक्त ती उलटी आहे. निसर्गात नर साद घालतो आणि मादी त्याच्याकडे जाते. शिकारी मादीचा आवाज काढून नरानेच आपल्याकडे यावे अशी अपेक्षा करतो. अनुभवी नर बरेचदा बंदुकीच्या टप्प्याबाहेर थांबून, 'मादी' दिसत का नाही याची वाट पाहत राहतो. शिकाऱ्याला मग तासभरही हालचाल न करता बसावे लागते, आणि पुष्कळदा पक्षी परत फिरतो. नवशिक्या मुलाला जे शिकवायचे असते त्याचा मोठा भाग या तासात सामावलेला आहे.

ऱ्हास आणि पुनर्वसन

युरोपीय वसाहतींनंतर झालेली जंगलतोड आणि अनिर्बंध शिकार यांमुळे रानटर्कीची संख्या झपाट्याने घटली. मुळात ज्या ३९ राज्यांत हा पक्षी आढळत असे, त्यांपैकी १८ राज्यांतून तो १९२० पर्यंत नाहीसा झाला होता. १९३७ मध्ये पिटमन-रॉबर्टसन कायदा संमत झाला आणि शिकारीच्या बंदुका व दारूगोळा यांवरील कराचे उत्पन्न वन्यजीव संवर्धनासाठी राज्यांना मिळू लागले. लांब नळीच्या बंदुका व काडतुसे यांवर हा कर ११ टक्के आहे.

आरंभी टर्की पिंजऱ्यात वाढवून रानात सोडण्याचा प्रयत्न झाला. तो फसला. आईवाचून वाढलेल्या पक्ष्यांना शत्रू ओळखता येत नव्हता. १९५१ मध्ये दक्षिण कॅरोलिनात तोफजाळ्याने, म्हणजे छोट्या नळ्यांतून स्फोटाने उडवलेल्या जाळ्याने, रानातलेच पक्षी पकडण्याची युक्ती यशस्वी झाली आणि तेथून चित्र पालटले. व्हर्माँटमध्ये १९६९ आणि १९७० या दोन वर्षांत न्यूयॉर्कहून आणलेले अवघे ३१ पक्षी सोडण्यात आले. विस्कॉन्सिनने १९७६ मध्ये मिसुरीकडून टर्की घेतल्या आणि त्यांच्या बदल्यात आपल्याकडील रफ्ड ग्राउज हे तितरवर्गीय पक्षी दिले. राष्ट्रीय रानटर्की महासंघ १९७३ मध्ये स्थापन झाला, तेव्हा देशात सुमारे १३ लाख रानटर्की होत्या. चालू शतकाच्या आरंभी ही संख्या ७० लाखांच्या जवळ पोहोचली. आज अलास्का वगळता सर्व राज्यांत त्यांची शिकार होते.

या यशाचा खर्च बव्हंशी शिकाऱ्यांच्या परवाना शुल्कातून आणि वरील करातून भागला, ही बाब युवा हंगामाच्या संदर्भात कळीची आहे. केंद्रीय मत्स्य व वन्यजीव सेवेच्या सर्वेक्षणानुसार १६ वर्षांवरील शिकाऱ्यांची संख्या २०११ मध्ये १ कोटी ३७ लाख होती, ती २०१६ मध्ये १ कोटी १५ लाखांवर आली. शिकारी घटले की संवर्धनाचा निधी घटतो. तेव्हा मुलांना रानात नेण्यामागे घरच्या परंपरेचे प्रेम असले, तरी शासन आणि संघटना यांच्या बाजूने त्यात हिशेबही आहे, हे नमूद करणे न्याय्य ठरेल.

नियम

मुलांना बंदूक देण्यापूर्वी शिक्षण द्यावे हा विचार या हंगामाहून जुना आहे. अल्पवयीन शिकाऱ्यांना प्रशिक्षण अनिवार्य करणारे पहिले राज्य न्यूयॉर्क असून तेथे तो नियम १९४९ मध्ये लागू झाला. राष्ट्रीय रानटर्की महासंघाने १९८१ मध्ये मुलांसाठी 'जेक्स' नावाचा उपक्रम सुरू केला. त्याच्या नावात तरुण नराच्या नावावर श्लेष आहे.

न्यूयॉर्कमध्ये युवा सप्ताहान्त एप्रिलच्या उत्तरार्धात येतो आणि मुख्य हंगाम १ मेपासून महिनाभर चालतो. सप्ताहान्त १२ ते १५ वर्षे वयाच्या परवानाधारक मुलांसाठी असून त्यात एकच पक्षी मारता येतो. तो संपूर्ण हंगामाच्या दोन पक्ष्यांच्या मर्यादेत धरला जातो. १२-१३ वर्षांच्या मुलांसोबत आई, वडील, पालक किंवा त्यांनी नेमलेली २१ वर्षांवरील व्यक्ती असावी लागते. सोबतच्या प्रौढाकडे स्वतःचा शिकार परवाना व टर्कीचा परवाना असणे बंधनकारक आहे. तो आवाज काढून मदत करू शकतो, पण त्या दोन दिवसांत त्याला स्वतः बंदूक बाळगता येत नाही. हा शेवटचा नियम सर्वांत बोलका म्हणावा लागेल. ज्याला येते त्याने हात रिकामे ठेवायचे आणि ज्याला येत नाही त्याच्या शेजारी बसून राहायचे.

मिसुरीत हाच हंगाम ६ ते १५ वर्षांच्या मुलांना खुला आहे. सहा आणि बारा यांतील हे अंतर योगायोगाने पडलेले नाही. २००४ मध्ये काही शिकारी संघटनांनी मिळून वयाच्या अटी शिथिल करण्याची मोहीम हाती घेतली. त्यानंतर अनेक राज्यांनी प्रशिक्षण पूर्ण होण्याआधीच मार्गदर्शकासोबत शिकार करू देणारे उमेदवारी परवाने सुरू केले. पेनसिल्व्हेनियात अशी मार्गदर्शित युवा योजना २००६ पासून आहे.

पूर्वतयारी

तयारी हिवाळ्यातच सुरू होते. मुलाच्या खांद्याला व हाताला बेतशीर बंदूक निवडणे ही पहिली पायरी. प्रौढांची १२ बोअरची बंदूक मुलाला जड जाते आणि तिच्या दणक्याची एकदा भीती बसली की मूल चाप ओढताना डोळे मिटते. मग नेम चुकतो आणि पक्षी जखमी होऊन पळतो. यास्तव २० बोअर किंवा त्याहून लहान ४१० बोअरची बंदूक देतात. पूर्वी ४१० बोअर टर्कीसाठी अपुरी समजली जाई. अलीकडे शिशाहून दीडपटीपेक्षा अधिक घनतेचे टंगस्टनचे छर्रे आल्यापासून बारीक छर्राही खोल शिरतो व लहान बंदूक पुरेशी ठरते. मात्र ही काडतुसे महाग असतात. सरावासाठी हलकी काडतुसे वापरतात, कानांना व डोळ्यांना संरक्षण देतात, आणि नंतर कागदावर टर्कीच्या डोक्या-मानेचे चित्र लावून ठरावीक अंतरांवरून छर्रे कसे पसरतात ते तपासतात. प्रौढांसाठीही ४० यार्ड, म्हणजे सुमारे ३७ मीटर, ही मर्यादा मानण्याचा प्रघात आहे. मुलांच्या बाबतीत जाणते मार्गदर्शक ती २० ते ३० यार्डांवर आणतात.

आवाज काढण्याच्या साधनांना 'कॉल' म्हणतात. मूळ रहिवासी टर्कीच्या पंखाच्या हाडांपासून अशी साधने बनवीत. लाकडी पेटीच्या कडांवर झाकण घासून आवाज काढणारा पेटी-कॉल मुलांना सर्वांत सोपा जातो. त्याचे पेटंट आर्कान्सामधील हेन्री गिब्सन याने १८९७ मध्ये घेतले. घर्षण नीट व्हावे म्हणून त्याच्या झाकणाला खडू लावतात. दुसऱ्या प्रकारात पाटीच्या दगडाच्या चकतीवर लाकडी काडी फिरवतात. शाळेत पाटीवर पेन्सिल कर्र वाजवलेल्या पिढीला हे तत्त्व वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. तोंडात धरायचा पडद्याचा कॉल हात मोकळे ठेवतो, पण तो साधायला वेळ लागतो आणि बहुधा तो मार्गदर्शकाच्याच तोंडी असतो.

शिकारीची पहाट

आदल्या संध्याकाळी रानाच्या कडेला उभे राहून पक्षी कोणत्या झाडांवर चढतात ते ऐकतात. घुबडाचा आवाज काढला असता नर अनेकदा दचकून उत्तर देतो, त्यावरून जागा कळते. दुसऱ्या दिवशी उजाडण्यापूर्वीच लपणात जाऊन बसावे लागते. प्रौढ शिकारी पुष्कळदा झाडाला पाठ लावून बसतात. मुलांसाठी कापडी तंबूसारखे लपण सोयीचे ठरते, कारण त्यात थोडीशी चुळबूळ खपून जाते. बंदूक तिपाईवर टेकवलेली असते. समोर १५-२० यार्डांवर मादीचा बनावट पक्षी ठेवलेला असतो. थंडी असते, झोप अपुरी असते. खाऊ आणि पांघरूण ही बंदुकीइतकीच आवश्यक सामग्री आहे, असे अनुभवी मार्गदर्शक सांगतात. मूल कंटाळले की उठून घरी यावे, हाही त्यांचा दंडक आहे.

नर आला तरी लगेच बार टाकता येत नाही. पिसारा फुलवलेल्या नराने मान आखडून घेतलेली असते आणि त्या स्थितीत छर्रे अंगात शिरून पक्षी केवळ घायाळ होण्याचा संभव असतो. मार्गदर्शक तेव्हा कॉलने एक तुटक आवाज काढतो. नर पिसारा मिटून मान ताठ करतो आणि तो क्षण नेम धरण्याचा असतो. मागे दुसरा पक्षी उभा असेल, मध्ये झुडूप असेल, दाढी स्पष्ट दिसत नसेल किंवा मुलाचे हात कापत असतील, तर मार्गदर्शकाने 'नको' म्हणायचे असते. दोन-तीन तास वाट पाहिल्यावर हा शब्द उच्चारणे प्रौढालाही जड जाते. मार्गदर्शकाची पारख तेथेच होते.

पक्षी पडल्यावर बंदूक निर्धोक करून मगच त्याच्याजवळ जातात, परवान्याचा टॅग भरतात आणि नियमाप्रमाणे नोंद करतात. मांस घरी शिजवले जाते. रानटर्कीचे मांस कोरडे व कमी चरबीचे असते. पाळीव पक्ष्याप्रमाणे ते दीर्घकाळ भाजल्यास चिवट होते. शेपटीचा पिसारा, दाढी आणि पायाचे काटे आठवण म्हणून जपतात. पुष्कळ मुलांना या वेळी रडू येते. ते दडपू नये, असे मार्गदर्शकांना सांगितले जाते.

सुरक्षितता

टर्कीच्या शिकारीतला विशिष्ट धोका तिच्या पद्धतीतच आहे. रानाच्या रंगाचे कपडे घालून दडलेला माणूस टर्कीचा आवाज काढत असतो आणि त्याच रानात दुसरा माणूस टर्कीचा आवाज शोधत असतो. त्यामुळे ऐकू आलेल्या आवाजाच्या दिशेने दबकत जाऊ नये, हा पहिला नियम होय. पेनसिल्व्हेनियात तर वसंत हंगामात पक्ष्याचा असा माग काढणे बेकायदेशीर आहे. अंगावर लाल, पांढरे किंवा निळे काहीही असू नये, अगदी मोज्याची कड किंवा आतला सदराही, कारण नराच्या डोक्याचे रंग हेच आहेत. खांद्यांहून रुंद झाडाला पाठ लावून बसावे. कोणी येताना दिसल्यास हात हलवू नये वा कॉल वाजवू नये; मोठ्याने, माणसाच्या आवाजात बोलावे, मग समोरचा पक्षी गेला तरी चालेल. बनावट पक्षी पिशवीत झाकून न्यावा आणि मारलेला पक्षी भगव्या कापडात गुंडाळून आणावा. युवा हंगामात रानात गर्दी कमी असते, हा तो वेगळा ठेवण्याचा एक मोठा फायदा आहे. वसंतात गोचिडींचाही उपद्रव असतो आणि त्यांच्यामार्फत लाइम रोग पसरतो. म्हणून घरी आल्यावर मुलांचे अंग तपासावे लागते.

आक्षेप आणि वाद

प्राणीहक्कवाद्यांचा मूलभूत आक्षेप असा की, जीव घेण्याचा अर्थ ज्या वयात पुरता कळत नाही त्या वयात मुलाला तसे करावयास लावणे अनुचित आहे. आणि वडील शेजारी बसलेले असताना मुलाच्या 'इच्छेला' फारसा अर्थ उरत नाही. समर्थकांचे उत्तर असे की, दुकानातून मांस आणणाऱ्या मुलाला मृत्यू दिसतच नाही, तो येथे दिसतो. वयाच्या अटीबाबत शिकाऱ्यांमध्येही मतभेद आहेत. सहा-सात वर्षांच्या मुलासाठी बंदूक तिपाईवर पक्की करून फक्त चाप ओढायला ठेवणे ही शिकवण नव्हे, असे मानणारे पुष्कळ जुने शिकारी आहेत, आणि त्यांचे म्हणणे सहज बाजूला सारण्यासारखे नाही.

दुसरा वाद जीवशास्त्रीय आहे. गेल्या दोन दशकांत आग्नेयेकडील अनेक राज्यांत टर्कीची पिले जगण्याचे प्रमाण घटले आहे. अधिवासाचा ऱ्हास, शिकारी प्राणी, हवामान अशी अनेक कारणे पुढे केली जातात. त्यांतील एक मत असे की, हंगाम फार लवकर सुरू झाल्यास मीलन पूर्ण होण्यापूर्वीच वरचढ नर मारले जातात व कळपातील क्रम विस्कटतो. यावर तज्ज्ञांचे एकमत नाही. परंतु हा आक्षेप मान्य केल्यास सर्वांत आधी येणारा युवा सप्ताहान्तच अडचणीचा ठरतो, कारण मुलांना अजून न बुजलेले, साद घालणारे नर मिळावेत म्हणूनच तो आधी ठेवलेला असतो. टेनेसीने २०२३ मध्ये मुख्य हंगाम सुमारे दोन आठवडे पुढे ढकलून एप्रिलच्या मध्यावर नेला आणि मर्यादा तीन पक्ष्यांवरून दोनवर आणली. युवा शिकारही त्याबरोबर पुढे सरकली, मात्र तिचे स्थान मुख्य हंगामाच्या आधीचेच राहिले.